इंदूरमध्ये काम शोधताना: बेरोजगारी आणि उद्याच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत माणसं घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. निवृत्त झाल्यापासून आमच्या मराठी वस्तीतली मुलंमुली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त काळजीत पडलेले त्यांचे आईवडील, सल्ला विचारायला येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. योजनांच्या रकमा आणि अटी बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी सरकारी पोर्टलवर ताडून घ्या.

मुलगा बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी आहे. त्याच्यातच काही कमी आहे का?

नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ साली भारतातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं. ज्या तरुणांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यात ते ३.४ टक्के होतं. जितकं शिक्षण जास्त, तितकी रिकामं बसण्याची शक्यता जास्त, असा हा देश झाला आहे. गरीब घरातल्या निरक्षर मुलाला घरी बसणं परवडतच नाही. तो हमाली करतो, ठेला लावतो, मिळेल त्या मजुरीला जातो. पदवीधराच्या पाठीशी आईवडिलांचं पेन्शन किंवा दुकान असतं, म्हणून तो वाट पाहू शकतो, आणि आकडेवारीत बेरोजगार म्हणून दिसतो.

कॉलेजं भराभर उघडली, पदव्या वाटल्या गेल्या, पण त्या पदव्यांना साजेशी कामं त्या वेगानं निघाली नाहीत. देशात काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून जास्त लोक २०२३-२४ सालीही स्वयंरोजगारात होते, म्हणजे शेती, टपरी, घरचं दुकान. नियमित पगाराच्या खुर्च्याच कमी असतील तर उभं राहणाऱ्याचा काय दोष? भरतीच्या टेबलाच्या पलीकडे बसून मी हे पाहिलं आहे: चांगल्या, कष्टाळू मुलांचे अर्ज केवळ जागा नाही म्हणून परत पाठवावे लागतात.

घरच्यांना माझी एकच विनंती आहे. पाहुण्यांसमोर आणि पानावर बसल्यावर "काय झालं तुझ्या नोकरीचं?" असं विचारू नका. त्या मुलाला दिवसभर दुसरा विचार नसतोच.

मध्य प्रदेशात बेरोजगारी जवळपास नाहीच, असं वाचलं. मग ही मुलं कोण आहेत?

आकडा खोटा नाही, पण तो काय मोजतो ते पाहा. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ साली मध्य प्रदेशचा बेरोजगारी दर सुमारे १ टक्का होता, देशाचा ३.२ टक्के. या मोजणीत वर्षातला मोठा काळ रिकामा गेलेला माणूसही ३० दिवस काही काम केलं असेल तर कामकरी धरला जातो. दुसरी मोजणी आठवड्याची असते. तिच्यात आठवड्यातून एक तास काम केलं तरी पुरतं. वडिलांच्या किराणा दुकानात बिनपगारी बसणारा मुलगाही कामकरीच. आणि भंवरकुआवर कोचिंगला जाणारा, सध्या काम शोधत नाही असं सांगणारा मुलगा मोजणीतूनच बाहेर जातो, कारण तो विद्यार्थी. याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते २९ वयोगटाचा दर १०.२ टक्के आहे.

म्हणून शेजारी आकडा दाखवून तुमच्या मुलाला नावं ठेवू लागले तर ऐकून घेऊ नका.

आजोबा गिरणीत लागले की जन्माची सोय झाली असं समजायचे. तशी पक्की नोकरी आता मिळेल का?

या प्रश्नावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण इंदूरएवढं याचं उत्तर दुसऱ्या शहराला क्वचितच ठाऊक असेल.

हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी: या गिरण्यांच्या भोंग्यांवर अर्धं शहर उठायचं. गिरणीतली नोकरी म्हणजे रजिस्टरवर नाव, संघटना, पीएफ, ग्रॅच्युइटी. कायद्याच्या दृष्टीनं याहून पक्कं काही नव्हतं. १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद पडली. ५,८९५ कामगार रस्त्यावर आले. त्यांचा पगार, ग्रॅच्युइटी, भरपाई, सगळं मिलकडे येणं होतं. मिलची जमीन विकून ते फेडायचं होतं. २००७ साली उच्च न्यायालयानं २२९ कोटींची देणी ठरवून दिली. कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये द्यायचा मार्ग मोकळा झाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. मिल बंद पडल्यापासून मधे ३२ वर्षं गेली. कितीतरी कामगार तोवर वारले आणि पैसे विधवांच्या, मुलांच्या खात्यात गेले. ज्या वयात त्या पैशानं मुलींची शिक्षणं झाली असती, घरं झाली असती, ते वय उलटून गेलं होतं. तरी ही माणसं दर आठवड्याला मिलच्या गेटवर जमत राहिली, सभा घेत राहिली. त्यांचा हा लढा आपल्या शाळांत शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं.

यातून मी जे शिकलो ते प्रत्येकाला सांगतो. त्या कामगारांची नोकरी पक्की होती, पण नोकरीचं सगळं संरक्षण एका मालकाच्या तिजोरीत होतं. तिजोरी बुडाली, संरक्षण बुडालं. उद्याच्या काळात कारखाने, कंपन्या, ॲप उघडतील आणि बंद पडतील, पूर्वीपेक्षा लवकर. तेव्हा विमा, पेन्शन, आजारपणाचा खर्च, काम सुटल्यावरचा आधार, हे मालकाकडे न राहता माणसाच्या स्वतःच्या नावावर, मालकाच्या हाताबाहेर जमा होत राहिलं पाहिजे. नोकरी बदलली तरी ते त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. खाली मी पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) यांचं नाव पुन्हा पुन्हा घेणार आहे त्याचं कारण हे. पगार ५०० रुपयांनी कमी असला तरी चालेल, पण या गोष्टी असलेलं काम धरा.

एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी किती वर्षं करावी?

आधी एक कबूल करू: ही तयारी करणारी मुलं आळशी नाहीत. भंवरकुआ चौकाच्या आसपास एका खोलीत तिघं राहून, मेसचा डबा खाऊन, वाचनालयाच्या खुर्चीचं महिन्याचं भाडं भरून जी मुलं अभ्यास करतात त्यांच्याइतकी शिस्त मी कारखान्यातही कमी पाहिली. त्यांना थकवतं ते परीक्षेचं वेळापत्रक. २०१९ साली ओबीसी आरक्षण १४ वरून २७ टक्के करण्याचा निर्णय झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि पुढे ८७ टक्के आणि १३ टक्के असे निकालाचे दोन भाग करण्यात आले. १३ टक्के जागांचे निकाल अडकून पडले. त्या भागातल्या मुलाला आपण पास झालो की नाही, हे वर्षानुवर्षं कळेना. डिसेंबर २०२४ मध्ये इंदूरला आयोगाच्या कार्यालयाबाहेर विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत रात्रंदिवस बसले होते. त्यांच्या मागण्यांमध्ये हे निकाल आणि मुख्य परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका दाखवणं, या गोष्टी होत्या. ही मागणी रास्त होती आणि आहे.

तरी, वैयक्तिक सल्ला विचाराल तर: पहिल्याच दिवशी किती प्रयत्न करायचे ते ठरवा आणि घरी सांगा. माझ्या मते तीन. दुसऱ्या प्रयत्नानंतर पूर्णवेळ तयारी थांबवून अर्धा दिवस कमाईचं काम धरा. त्यानं अभ्यास बुडतो असं सगळे म्हणतात, पण मी पाहिलेल्या मुलांत हातात स्वतःचे चार पैसे असणारा मुलगा परीक्षेच्या खोलीत जास्त शांत असतो. आणि तीस वर्षांचा, कामाचा कुठलाही अनुभव नसलेला पदवीधर खासगी भरतीत मागे पडतो. हे अन्यायाचं आहे, पण होतं असंच.

सरकारी जागांची संख्या मुळात थोडी, हेही विसरू नका. लाखांत अर्ज आणि शेकड्यांत जागा असताना बहुतेकांची निवड होणार नाही. त्यात हुशारीचा निवाडा होत नसतो.

पीथमपूरच्या कंपन्या गेटवरच "जागा नाही" म्हणतात. आत शिरायचा मार्ग कोणता?

शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला हे विचारून उपयोग नाही. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा, तिथे कंपनीनिहाय जागा दिसतात. पदवी किंवा डिप्लोमा असेल तर त्यासाठी नॅट्सचं पोर्टल वेगळं आहे, दोन्हीकडे नाव घाला.

राज्याची 'मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना' २०२३ पासून आहे. वय १८ ते २९, मध्य प्रदेशचे मूळ निवासी. बारावीला दरमहा ८,०००, आयटीआयला ८,५००, डिप्लोमाला ९,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, त्यातले ७५ टक्के सरकार देतं. रक्कम मोठी नाही. शहरात खोली घेऊन राहणाऱ्याला पुरणारही नाही. पण इंदूरात घर असणाऱ्याला वर्षभर मशीनजवळ उभं राहायला मिळतं, आणि भरतीवेळी आम्ही तेच पाहतो.

एक गोष्ट मराठी मध्यमवर्गीय घरांना स्पष्ट सांगतो. आयटीआयला नाकं मुरडू नका. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सीएनसी चालवणारा, यांची पीथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांना सतत गरज असते. हात काळे होतात म्हणून मुलगा कमी दर्जाचा ठरत नाही. चांगला टूलरूमवाला मशिनिस्ट मला शोधून सापडत नसे, तेव्हा बी.कॉम.च्या अर्जांचा गठ्ठा मात्र टेबलावर असायचा.

ठेकेदारामार्फत काम मिळतंय. घ्यावं का?

घ्या, पण पहिल्या महिन्यात चार गोष्टी तपासा. नियुक्तिपत्र हातात मिळालं का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रम संहितांनुसार ते प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. पीएफ खरंच जमा होतो का? पगारपत्रकावर कपात दाखवून भरणा न करणारे ठेकेदार असतात, म्हणून उमंग ॲपवर किंवा मिस्ड कॉल देऊन पासबुक स्वतः बघा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच ठेवा, ठेकेदार बदलला म्हणून नवा काढू देऊ नका, नाहीतर सेवेची वर्षं तुटतात आणि पेन्शनसाठी लागणारी १० वर्षं भरत नाहीत. आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड मागा.

ठेकेदारानं पगार बुडवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते दोन महिन्यांचे पैसे सोडून देतात. मुदतीच्या करारावरही आता एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, पूर्वीसारखी पाच वर्षं थांबावं लागत नाही.

एआयमुळे आमच्या नोकऱ्या जाणार का?

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आल्या तेव्हा इंदूरातल्या घराघरांत मुलांना संगणकाच्या शिक्षणाला घालायची ओढ लागली. त्याच टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये जगभरातले सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून जास्त कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. भीती निराधार नाही.

नेमकं काय होतं ते समजून घेऊ. आपल्याकडे स्टेट बँक ऑफ इंदूर होती, २०१० साली ती स्टेट बँकेत विलीन झाली. तिच्यासारख्या बँकांत संगणक आले त्या काळी संघटनांनी जोरदार विरोध केला होता. बसलेल्या कारकुनाला संगणकानं उठवलं नाही. तो आपल्या खुर्चीवरूनच निवृत्त झाला. पण त्याच्या जागी नवा कारकून घेतला गेला नाही. यंत्राचा पहिला फटका बसतो तो रांगेत उभ्या असलेल्याला, आणि तो कुठल्या बातमीत येत नाही. एआयचंही असंच चाललेलं दिसतं: नवशिक्याला जी पहिली कामं देत, म्हणजे साधा कोड लिहिणं, माहिती भरणं, ग्राहकाच्या ठरावीक प्रश्नांना उत्तरं देणं, ती यंत्र करू लागलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अभ्यासातही कारकुनी कामांना सर्वांत जास्त धोका दाखवला आहे.

याउलट ज्या कामात माणसाला जागेवर जाऊन, समोरची वस्तू किंवा समोरचा माणूस पाहून निर्णय घ्यावा लागतो, ती टिकाऊ आहेत: परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, वातानुकूलन आणि लिफ्टची दुरुस्ती, सोलर पॅनलची जोडणी, इलेक्ट्रिक गाड्यांची देखभाल, लहान मुलांना शिकवणं, वृद्धांची काळजी. इंदूरात एकटे राहणारे मराठी ज्येष्ठ किती आहेत, ज्यांची मुलं पुणे-बेंगळुरू-अमेरिकेत आहेत! त्यांच्यासाठी प्रशिक्षित, विश्वासू माणूस मिळत नाही. हे काम मोलकरणीचं समजून आपण त्याला पगारही देत नाही आणि मानही. ते शिकवायला हवं, त्याला दर ठरवून द्यायला हवा.

अकाउंट्सच्या मुलामुलींनी एक करावं. टॅली येतं एवढ्यावर थांबू नये. जीएसटीची नोटीस आली तर काय उत्तर द्यायचं, सियागंजच्या व्यापाऱ्याचा माल अडकला तर कोणता कागद लागतो, हे ज्याला कळतं त्याला एआय मदतनीस होतो. ज्याला फक्त नोंदी करता येतात त्याची जागा तो घेतो.

डिलिव्हरीचं काम करणं कमीपणाचं आहे का?

कमीपणाचं मुळीच नाही. पण हिशेब करा. दिवसाच्या कमाईतून पेट्रोल, गाडीची झीज, टायर, मोबाइलचा खर्च वजा करून तासाला किती उरतात ते महिनाभर वहीत लिहा. गाडीचा विमा खासगी वापराचा असेल तर धंद्यासाठी वापर झाला म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो, पॉलिसी वाचून घ्या.

नीती आयोगानं २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार (कायमच्या नोकरीऐवजी कामागणिक कमावणारे) असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असं म्हटलं होतं. आता सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा पहिल्यांदा उल्लेख आला आहे. ॲप चालवणाऱ्या कंपनीनं वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याण निधीत भरायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. वर गिरणीबद्दल लिहिलं तेच तत्त्व इथे आहे: पैसा कंपनीच्या बाहेर, कामगारांच्या निधीत. त्यासाठी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी लागते. कमाई कितीही असो, नोंदणी आजच करा. राजस्थाननं २०२३ साली असा स्वतंत्र कायदा केला, देशात पहिला. मध्य प्रदेशानंही करावा, यासाठी आपण आमदारांकडे गेलं पाहिजे.

मुलं मोठी झाली, मला पुन्हा काम करायचं आहे. दहा वर्षांचा खंड कसा भरून काढू?

ताई, खंड लपवू नका. अर्जात सरळ लिहा: या काळात घर आणि मुलं सांभाळली. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी २८९ मिनिटं आला, पुरुषांचा ८८ मिनिटं. देशातल्या बायका रिकाम्या नव्हत्याच.

अडचण खंडापेक्षा घरात जास्त असते. नोकरी लागल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास कोण बघणार, हे नवऱ्यानं आणि घरच्यांनी आधी बसून ठरवलं नाही तर तीन महिन्यांत बाई काम सोडते. असे राजीनामे मी घेतले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर असणं मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. मुलाखतीत त्याबद्दल विचारायला लाजू नका.

पुन्हा सुरुवात करताना शाळा, रुग्णालयाचं प्रशासन, विमा, लेखाकाम अशा ठिकाणी वयाची अडचण कमी येते. पहिला पगार मनासारखा नसेल. सहा महिन्यांनी बोलणी करा.

स्वतःचा धंदा करावा म्हणतो. कर्ज कुठलं?

आधी धंदा छोट्या प्रमाणात चालवून पाहा, मग कर्ज. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत मिळतात, वरच्या गटांत १० लाखांपर्यंत, आणि आधीचं कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला अनुदान आहे, शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के, इतरांना जास्त. फाइल पास करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. आणि आईचे दागिने गहाण ठेवून नमकीनचा धंदा काढू नका. इंदूरात त्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली माणसं आहेत.

नोकरी गेली. पहिल्या आठवड्यात काय करू?

राजीनाम्यावर घाईनं सही करू नका. काढून टाकलं आणि स्वतः सोडलं यांत हक्कांचा फरक पडतो. तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, नियुक्तिपत्र, पीएफचं पासबुक, हजेरीचे फोटो, सगळं स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण कंपनीचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं. ईएसआयमध्ये असाल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी दैनिक कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळू शकतात. हजारो पात्र लोक विचारतही नाहीत. पीएफ पूर्ण मोडू नका. पुढची नोकरी लागली की तीच सेवा पुढे चालू राहते.

आणि घरी त्याच संध्याकाळी सांगा. डबा घेऊन बाहेर पडून दिवसभर नेहरू पार्कात बसणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांना तसं करावं लागू नये.

फुकट पैसे दिले तर लोक काम सोडतील ना?

याची परीक्षा आपल्या दाराशीच झाली आहे, आणि इंदूरकरांनाच ती फारशी माहीत नाही. 'सेवा' या महिलांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं २०११-१२ मध्ये इंदूरजवळच्या आठ गावांत प्रत्येक माणसाला, काही अट न घालता, दरमहा रोख रक्कम दिली. सुरुवातीला मोठ्यांना २०० आणि मुलांना १०० रुपये, नंतर ३०० आणि १५०. तुलनेसाठी पैसे न दिलेली गावंही होती. लोकांनी काम सोडलं नाही, उलट स्वतःच्या शेतावरचं काम वाढलं. बी-बियाणं, शेळ्या, शिवणयंत्र घेतली गेली. मुलांचं पोषण सुधारलं, मुलींची शाळेतली हजेरी वाढली, सावकाराच्या कर्जापोटी राबणं कमी झालं.

एवढ्यावरून सगळ्या देशाला उत्पन्नाची हमी परवडेल असं म्हणता येत नाही. पण आधार मिळाला की गरीब माणूस ऐदी होतो, हा समज तरी सोडून द्यावा. भूक आणि कर्ज यांच्या दडपणाखाली माणूस मिळेल ते काम मिळेल त्या भावात घेतो. थोडा आधार असला तर तो दोन कामांतलं बरं काम निवडू शकतो.

शहरात रोजगार हमी का नाही?

असायला हवी असं माझं ठाम मत आहे. रोजगार हमी ही मुळात महाराष्ट्राची देणगी. वि. स. पागे यांच्या आग्रहातून ती उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात तिनं लाखो घरं जगवली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. केरळनं २०१० साली आणि राजस्थाननं २०२२ साली ती शहरांत आणली. मध्य प्रदेशातही २०१९ साली शहरी तरुणांना १०० दिवस काम आणि महिन्याला ४,००० रुपये देणारी युवा स्वाभिमान योजना निघाली होती, ती टिकली नाही.

काम आहे का, असं कोणी विचारलं तर इंदूरकडे बोट दाखवा. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं, ते घरोघरचा कचरा वेगळा घेणाऱ्या हातांमुळे. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकतो, तो कोणीतरी वेगळा केलेला असतो म्हणूनच. कान्ह नदी, बगीचे, सार्वजनिक वाचनालयं, अंगणवाड्या, वृद्धांच्या घरभेटी: करायला काम भरपूर आहे, त्यासाठी पगार ठरवायची तयारी हवी.

कामाचे तास कमी करून काम वाटून घेता येईल का?

येईल, आणि ते भाबडं स्वप्न समजू नका. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. त्याआधी मालक म्हणत होते की गिरण्या बुडतील. आज दोन माणसांचं काम एकाकडून बारा-बारा तास करून घेणारी ऑफिसं आहेत, आणि दुसरा माणूस घरी बसला आहे. जादा तासाला दुप्पट मजुरी हा कायदा आहेच. तो नुसता नीट पाळला तरी कितीतरी मालकांना दुसरा माणूस घेणं स्वस्त पडेल.

नोकरी लावून देतो म्हणून ४०,००० मागत आहेत. द्यावे का?

एक रुपयाही देऊ नका. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पोलिसांत जा. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

इंदूरातच राहावं की पुण्याला जावं?

मराठी घरातला हा प्रश्न पुण्याची आत्या किंवा मावशी असल्यामुळे सोपा वाटतो. मावशीकडे महिनाभर राहता येतं, वर्षभर नाही. तेव्हा खोलीचं भाडं, जेवण, प्रवास धरून बघा. इंदूरला २०,००० मिळत असतील आणि पुण्याला २८,०००, तर हातात बहुधा इंदूरलाच जास्त उरतात. आयटी, वाहन उद्योगातलं डिझाइन, संशोधन, प्रकाशन अशा कामांसाठी मात्र पुण्याला संधी खरोखर जास्त आहेत, तिथे दोन-तीन वर्षांचा अनुभव घेणं फायद्याचं.

भाषा एक असली तरी कागद वेगळे आहेत. महाराष्ट्राच्या अधिवासासाठी साधारणपणे १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे तिथल्या राज्य सरकारच्या भरतीत आणि योजनांत तुम्ही बाहेरचे ठरता. जातीच्या आरक्षणाचा राज्यातला लाभही मूळ राज्यातच मिळतो. जाण्यापूर्वी मध्य प्रदेशचं मूळ निवासी प्रमाणपत्र, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला काढून त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये टाकून ठेवा. मतदार ओळखपत्राचा आणि रेशनकार्डाचा पत्ता घाईनं बदलू नका. नवीन कंपनीला जुनाच यूएएन द्या. आणि तिथे सहा महिन्यांत जमलं नाही तर परत यायला संकोच करू नका. घरच्यांनीही त्याला "परत आलास?" असं न विचारता जेवायला वाढावं.